सातव्या महिन्यातला शिक्का

माझ्या वडिलांचा आवाज नदीच्या या काठावरून त्या काठावर सहज जायचा. बोटीवर उभं राहून ते हमालांना हाका मारायला लागले की पलीकडच्या कचेऱ्यांतले कारकून खिडक्या लावून घ्यायचे, असं माझी आई, मा, सांगायची. त्यांचं नाव हेंग किया लियात, पण नदीवर सगळे त्यांना भोंगाच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. चौदाव्या वर्षी ते या नदीवर आले. तेव्हापासून एकच काम: बाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवरून मिरी, रबर, तांदूळ आपल्या बोटीत उतरवून घ्यायचं आणि काठावरच्या गोदामांपाशी आणून लावायचं. "सिंगापुरात पिकत काय? काही नाही," पा म्हणायचे. "एकाचा माल दुसऱ्याला विकायचा, हीच आपली शेती. आणि ती आमच्या पाठीवर चालते."

बोटीचं नाव हिन ली. पुढचं टोक लाल, त्यावर दोन मोठे डोळे. ते डोळे दर नवीन वर्षाला पा स्वतःच्या हातानं रंगवायचे. दुसऱ्या कुणाला ब्रशला हात लावू द्यायचे नाहीत. मी त्यांची एकुलती एक मुलगी, गेक खिम, मलासुद्धा नाही. मी जुरोंगला टीव्हीच्या कारखान्यात होते. भिंगाखाली तारा जोडायचं काम. पांच्या मते ते काम नव्हतंच. "दिवसभर बसून असतेस आणि पगार घेतेस," ते म्हणायचे. "हात मोडतात तेव्हा त्याला काम म्हणायचं."

ज्या वर्षी नदी रिकामी करायचं ठरलं, त्या वर्षाची ही गोष्ट. बंदराच्या ऑफिसातून घरी कागद आला आणि तो मी वाचून दाखवला, कारण इंग्रजी घरात मलाच येत होतं. सगळ्या बोटींनी नदी सोडायची. पासिर पांजांगला समुद्रात प्रत्येक बोटीला एक जागा नेमून मिळेल. त्यासाठी मालकानं ऑफिसात जाऊन अर्जावर आपला शिक्का मारायचा. जी बोट मुदतीत नोंदली जाणार नाही ती बेवारस धरून तोडून टाकली जाईल.

"मुदत कधी?" पांनी विचारलं.

मी तारीख सांगितली. मा लगेच भिंतीवरच्या चिनी पंचांगापाशी गेली, पानं उलटली आणि नुसती उभी राहिली.

"काय झालं?"

"अट्ठाविसावा दिवस," मा म्हणाली. "सातव्याचा."

सातव्या महिन्यात आमच्यात लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, नवीन धंद्याच्या कागदाला हात लावत नाहीत. त्या महिन्यात खालचं दार उघडं असतं आणि ज्यांना कुणी नाही असे सगळे मेलेले वर येऊन फिरत असतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, भले भाऊ म्हणायचं. गटाराच्या कडेला उदबत्त्या लावायच्या, भात ठेवायचा, त्यांच्यासाठी नाटक लावायचं आणि पहिली रांग रिकामी सोडायची. त्या महिन्यात केलेल्या कराराला भले भाऊ भागीदार होतात आणि मग ते कधी सोडत नाहीत. असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. खरं सांगते, अर्धं मानतही होते.

त्यात त्या वर्षी पा धुपाटण्याचे मानकरी होते. देवळात सगळ्या बोटवाल्यांच्या नावानं लाकडी कौल टाकले जातात. ज्याला सर्वांत जास्त वेळा होकार मिळतो त्याच्या घरी वर्षभर धुपाटणं राहतं आणि भल्या भावांचं सगळं त्यानं बघायचं. तीस वर्षं पा वाट पाहत होते. कौल लागला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या नदीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली होती.

"मुदतीनंतर आठव्याचा पहिला दिवस चांगला आहे," पांनी निकाल दिला. "पहिल्याला जाऊ."

"पा, तोवर मुदत संपलेली असेल."

"ऑफिसातपण माणसंच बसतात ना? तिथला निम्मा स्टाफ आपलाच आहे. त्यांना सातवा महिना कळत नाही होय?"

त्यांना कळत होता. त्यांच्या कॅलेंडरात तो नव्हता, एवढंच.

काठावरच्या कॉफीच्या टपरीत सगळे बोटवाले जमले आणि पहिल्यालाच सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. पा टेबलावर हात आपटून बोलले म्हणे, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही सगळे गेलो नाही तर ते शंभर बोटी तोडणार आहेत काय, असा हिशेब. घरी आल्यावर पा खुशीत होते, मासा आणि दोन वाट्या पेज खाल्ली.

बाविसाव्या दिवशी मला बक सेंग चेक बसस्टॉपवर भेटले. चेक म्हणजे काका; पांचे जुने दोस्त. त्यांची बोट आमच्या बोटीला लागून बांधलेली असायची. मला बघून त्यांनी मान फिरवली. मी समोर जाऊन उभी राहिले.

"चेक, काय झालं? मी काय उधारी मागते का?"

"आ खिम, तुझ्या बापाला सांगू नकोस."

"काय?"

"मी नोंदवली बोट."

"सातव्यात? तुम्ही?"

"मी नाही गं! सुनेला पाठवलं. ती ख्रिस्ती झालीय ना. चर्चमध्ये जाणाऱ्यांच्या वाटेला भले भाऊ जात नाहीत." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू भले भाऊ त्याच बसची वाट बघत होते. "ओंगनं जावयाला पाठवलं, तो मलायाचा आहे, इथले भाऊ त्याला ओळखत नाहीत. टॅननं शिक्का डाव्या हातानं मारला. प्रत्येकानं काहीतरी काढलं बघ. आता तुझा बाप एकटा राहिलाय."

"मग त्यांना सांगितलं का नाही कुणी?"

"कोण सांगणार? मानकरी आहे तो. आणि त्याचा आवाज तुला माहीत आहे."

मला इतका संताप आला की बस आली तरी मी चढले नाही. टेबलाभोवती बसून माना हलवणारे हे दांडगे पुरुष, आणि सुनेच्या पदराआड लपले! आणि माझा बाप त्यांच्या शब्दावर बसून राहिला होता. मी तशीच घरी परतले.

"पा, सगळ्यांनी नोंदवलंय," मी सांगून टाकलं. बक सेंग चेकना दिलेला शब्द मोडला, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पा धुपाटण्यापुढची राख झाडत होते. हात थांबला नाही. "बक सेंगनं?"

"सुनेला पाठवून."

"हं." त्यांनी राख कागदावर गोळा केली. "मग त्याचं तो बघेल. मी मानकरी आहे. मीच पळवाट काढली तर उद्या भल्या भावांपुढे कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"मला पाठवा. मी जाते."

"तू ख्रिस्ती झालीस काय?"

"होते! उद्या होते. रविवारी होते."

मा हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. पा हसले नाहीत. त्यांनी कमरेच्या पिशवीतून शिक्का काढला. बोटभर लांबीचा, म्हशीच्या शिंगाचा, आजोबांनी चीनमधल्या स्वाटोवहून येताना आणलेला. तो त्यांनी धुपाटण्याखाली अंथरलेल्या लाल कापडाखाली सरकवला. "आता इथं राहील. पहिल्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. चुकूनही नाही."

"बोट तोडतील पा! तुम्ही काय करणार मग? कुठं जाणार?"

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "घरात ओरडायचा मान माझा आहे."

पुढचे चार दिवस मी सगळं करून पाहिलं. मा पांसमोर रडेल असं केलं. देवळातल्या पुजाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, मानकऱ्याला मी कसं सांगू? ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईनं तारीख पुन्हा एकदा वाचून दाखवली. सव्विसाव्या दिवशी दुपारी पा नाटकाचा मांडव बघायला गेले आणि मा भात ठेवायला खाली उतरली. मी धुपाटण्यासमोर गेले, तीन उदबत्त्या लावल्या आणि म्हणाले, भल्या भावांनो, हे मी करतेय, हेंग किया लियात नाही. काय घ्यायचं ते माझ्याकडून घ्या. मग लाल कापडाखाली हात घातला. धुपाटणं कलंडलं आणि राख माझ्या मनगटावर सांडली.

ऑफिसात तनराज नावाचे तमिळ कारकून होते. केस पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. मी कागद पुढे केला.

"भोंग्याची मुलगी?" त्यांनी विचारलं. "वीस वर्षं मी समोरच्या इमारतीत होतो. त्यांच्या आवाजानं माझी दुपारची झोप गेली." मग अर्ज पाहून म्हणाले, "स्वतः का नाही आले?"

मी सगळं सांगून टाकलं. का, कुणास ठाऊक. कदाचित ते आमच्यातले नव्हते म्हणून. तनराज ऐकत राहिले, मग त्यांनी शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला. मी शिक्का मारला. लाल, स्वच्छ, एकही अक्षर न फाटता उठला. पा मारायचे तेव्हा नेहमी एक कोपरा पुसट यायचा.

"ते पहिल्याला येतील?" तनराजनी विचारलं.

"नवा शर्ट घालून येतील."

"येऊ द्या," ते म्हणाले. "बघतो मी."

पा परतायच्या आत मी शिक्का लाल कापडाखाली परत ठेवला होता. पहिल्याला मी सुट्टी काढली. पांनी केसांना तेल लावलं, पिशवीत संत्री घेतली, लाल कापडाखालचा शिक्का काढून कपाळाला लावला. ऑफिसात ते एकटेच होते. वचन दिलेल्यांपैकी कुणीही नव्हतं. पांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग छाती पुढे काढून टेबलापाशी गेले.

"मुदत गेली हे मला माहीत आहे," ते बाजारी मलायमध्ये म्हणाले. "पण आमचा महिना..."

"बसा अंकल," तनराज म्हणाले. "तुमचा कागद मी बाजूला काढून ठेवलाय. इथं मारा शिक्का." आणि त्यांनी एक कोरी प्रत पुढे केली.

पांनी शिक्का मारला. एक कोपरा पुसट आला. तनराजनी तो कागद टेबलाच्या खणात टाकला आणि एका संत्र्याचा वास घेतला. बाहेर पडल्यावर पा माझ्याकडे वळले. "बघितलंस? नियमानं वागलं की माणसं वाट सोडतात. तू उगाच रडत होतीस." त्यांच्या आवाजानं रस्त्यावरची दोन कबुतरं उडाली. मी मान हलवली. त्या क्षणी मला वाटलं, मी जिंकले.

बोटी निघाल्या त्या दिवशी काठावर फोटोवाले आले होते. पांनी डोळे नव्यानं रंगवले होते. पासिर पांजांगला पोचलो तेव्हा समजलं, की जागा मिळाली खरी, पण ती उघड्या समुद्रावर. सपाट तळाची बोट लाटांवर सारखी आपटायची. आणि मुळात उतरवून घ्यायचं काय? जहाजंच बदलली होती. माल आता लोखंडी खोक्यांतून यायचा, क्रेन खोकं उचलायची, ट्रकवर ठेवायची. मधे माणसाच्या पाठीचं कामच नव्हतं. देश पुढे चालला होता, रेडिओ रोज सांगायचा. माझ्या कारखान्यातले टीव्हीसुद्धा त्याच खोक्यांतून जायचे. मी ते भरलेले पाहिले होते. घरी कधी बोलले नाही.

पहिल्या महिन्यात पांना चार फेऱ्या मिळाल्या. तिसऱ्या महिन्यात एक. नंतर ते रोज पहाटे बस पकडून जायचे, बोटीतलं पाणी उपसायचे आणि परत यायचे. पावसाळी वाऱ्यांत दोर तुटला आणि हिन ली धक्क्यावर आदळली. लाल टोक डाव्या डोळ्यापासून फुटलं. दुरुस्त करून उपयोग नव्हता. तोडणारे येऊन घेऊन गेले, पा बघायला गेले नाहीत.

मग त्यांचा आवाज गेला. आजारपण नव्हतं. ते बोलायचे, पण पुटपुटल्यासारखं; मा स्वयंपाकघरातून "काय?" विचारायची आणि ते "काही नाही" म्हणायचे. जेवण अर्ध्या वाटीवर आलं. दिवसभर एकच उकरत बसायचे.

"सगळं नियमानं केलं," ते म्हणायचे. "दिवस चांगला बघितला. डोळे रंगवले. मानकरी होतो. तरी का?"

"खोकी आली पा. सगळ्यांच्याच बोटी बसल्या."

"सगळ्यांनी पाप केलं होतं. सातव्यात शिक्के मारले. मी तर नाही मारला." आणि मग अगदी हळू: "म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार. भल्या भावांना माझा मान नको होता. माझ्यात काय घाण आहे, खिम? तुला दिसते का?"

मी तोंड उघडलं की घर मोडेल, ही भीती मला होती. मी म्हणायचे, पेज गार होतेय. भित्री होते मी, दुसरं काय!

एके दिवशी ते फोटो स्टुडिओत जाऊन आले. कोट घातलेला, समोर बघणारा, मोठा फोटो. आमच्यात असा फोटो माणूस एकाच कामासाठी काढून ठेवतो, आपल्या शवपेटीपुढे लावायला. मा तो कपाटात उलटा करून ठेवून आली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी रात्रपाळी करून सकाळी परत आले. आमचं घर अकराव्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर पडले तर लांबच्या लांब व्हरांड्यात पा कठड्यापाशी उभे. अनवाणी. चपला कठड्याला लावून ठेवलेल्या, नीट, जोडीनं, देवळाबाहेर ठेवतात तशा. शेजारी एक स्टूल होतं. त्यांचे दोन्ही तळवे कठड्यावर टेकलेले होते.

हाक मारावी तर दचकतील. मी भिंतीला धरून हळूहळू पुढे गेले, चार हातांवर थांबले.

"पा."

"ये," ते पुटपुटले. "मा झोपलीय. उठवू नकोस."

"पा, तुमच्यात काही घाण नाही. मी शिक्का मारला."

त्यांनी वळून पाहिलं नाही.

"सातव्यात. तुमचा शिक्का. तुम्ही मांडव बघायला गेला होतात तेव्हा धुपाटण्याखालून काढला. राख सांडली तीही मीच भरली. तुम्ही पहिल्याला मारलात तो कागद खोटा होता, त्या तमिळ साहेबांनी तुमचं मन राखलं. बोट नोंदली गेली ती माझ्या हातानं."

"कुठल्या दिवशी?"

"सव्विसाव्या."

ते सावकाश वळले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचे डोळे असे माझ्यावर रोखले गेले नव्हते. मग ते वाकले, कठड्याखालची एक चप्पल उचलली आणि ती माझ्या तोंडावर मारली.

"सव्विसाव्या!" ते ओरडले. "महिना संपत आलेला! सगळे परत निघालेले! त्या दिवशी तर ते सगळ्यात भुकेले असतात, अवदसे!"

समोरच्या इमारतीत खिडक्या उघडल्या. आमच्या मजल्यावरची दारं उघडली. मा धावत आली. पा दुसरी चप्पल उचलून माझ्या मागे व्हरांडाभर धावले, अनवाणी, शिव्या देत, माझ्या मागच्या सात पिढ्यांना, म्हणजे स्वतःच्याच बापजाद्यांना. "बोट खाल्लीस! माझी बोट खाल्लीस! या दारात पुन्हा पाय ठेवलास तर तंगडं मोडीन!" मी लिफ्टमध्ये शिरले. ओठ फुटला होता, मीठ लागत होतं. दार बंद होताना मी पाहिलं, त्यांनी ती चप्पल पायात घातली.

मी जुरोंगला कारखान्यातल्या दोघींबरोबर खोली घेतली. मा रविवारी बाजारात भेटते. पहिल्या रविवारी तिनं मला बघताच कपाळाला हात लावला आणि नंतर सांगितलं, त्या दिवशी त्यांनी तीन वाट्या पेज खाल्ली, खारा मुळा मागून घेतला. फोटो कपाटातून काढून पलंगाखाली फेकलाय. तुझं नाव काढायचं नाही अशी ताकीद आहे, पण स्वतः दिवसभर दुसरं काही बोलत नाहीत.

याला आता दोन वर्षं झाली. नवीन वर्षाला मी दारापर्यंत गेले होते, संत्री घेऊन. पांनी आतूनच ओळखलं. दार उघडलं नाही. मी संत्री बाहेर ठेवली. मा म्हणाली, त्यांनी ती भल्या भावांना वाढली.

परवा बक सेंग चेक भेटले. "आ खिम, रोज सकाळी टपरीत ऐकतो आम्ही. मुलीनं सव्विसाव्याला शिक्का मारला, म्हणून बोट गेली. अगं, माझी काय कमी गेली? ओंगची, टॅनची? खोक्यांनी खाल्ल्या सगळ्यांच्या. मी आज सांगणारच आहे त्याला."

मी त्यांचा हात धरला. घट्ट, दुखेल इतका.

"चेक, शपथ आहे तुम्हाला. एक अक्षर बोलायचं नाही."

"पण तू फुकट..."

"बोलायचं नाही."

मग त्यांनी मान हलवली, आणि या वेळी मला वाटतं ती खरी हलवली.

सुट्टीच्या दिवशी मी कधी कधी नदीकडे जाते. पाणी आता स्वच्छ आहे, रिकामं आहे. पलीकडच्या काठावर एका बाकावर बसते आणि कॉफी पिते. समोर टपरी आहे, माणसं ओळखू येत नाहीत एवढ्या लांब. नऊच्या सुमारास पा तिथं येतात. मी कप खाली ठेवून बसते, आणि पाण्यावरून मला माझं नाव ऐकू येतं, शिव्यांसकट, एकही अक्षर न फाटता.